तळ्याचा हिवाळा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नवरात्र सरलं की अंगणातल्या तळ्यांबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांच्या हाताशी थंड देशांतली पुस्तकं असतात आणि त्यांतलं वेळापत्रक इथं लावलं की गडबड होते. आपल्याकडे तळ्याला जानेवारीची थंडी सहसा बाधत नाही. ऑक्टोबरचं ऊन आणि पावसाळ्यात साठलेला गाळ बाधतो. या वेळच्या निवडक पत्रांतही तेच दिसतं. एक पत्र मात्र खऱ्या बर्फाच्या मुलखातून आलं आहे.

प्रश्न: आमच्या बंगल्यामागे ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट खोल असं सिमेंटचं तळं आहे. सहा गोल्डफिश आणि दोन लिलीच्या कुंड्या आहेत. पाऊस थांबल्यापासून पाणी पोपटी हिरवं झालंय आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुपारी अगदी ठीक असतात. दिवाळीच्या साफसफाईत तळं पूर्ण रिकामं करून घासून काढावं का? हिरवळीसाठी मोरचूद टाकायला कुणी सांगितलंय.
(कोथरूड, पुणे)

उत्तर: मोरचूद मुळीच टाकू नका. त्यातलं तांबं माशांना थेट विषारी आहेच, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजायला लागतं आणि कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खातं. मग पहाटे मासे वर येत नाहीत, तरंगतात.

पहाटेच का, ते आधी बघू. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं. सूर्य उगवायच्या सुमारास तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, ३० अंशाला जेमतेम ७.५. ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी तापलेलं आणि तळाशी चार महिन्यांचा गाळ कुजत असलेला, असा दुहेरी मार आहे. म्हणून आज रात्रीपासून कारंजं किंवा एअर पंप रात्री दहा ते सकाळी आठ चालू ठेवा. एरवी लोक नेमकं उलटं करतात. पाहुणे येतात तेव्हा कारंजं चालू आणि झोपायला जाताना बंद. माशांचं खाणं दोन दिवस पूर्ण थांबवा.

आता सफाई. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणून आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणलं की लिटर मिळतात. तुमचं तळं ८० घनफूट, म्हणजे सुमारे २,२६० लिटरचं. तळाशी तीन इंच गाळ असेल तर तो एकटाच २८० लिटर जागा अडवून बसलाय. तो काढायचा, पण तळं कोरडं करून घासायचं नाही. भिंतींवर जो मखमली थर असतो त्यातच माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. ते घासून टाकलं की पाणी दोन दिवस आरशासारखं दिसतं आणि मग अमोनिया साठून मासे आजारी पडतात.

सकाळी लवकर कामाला लागा. आधी वरचं स्वच्छ पाणी पाइपने काढून मोठ्या टबात भरा, मासे त्यात सोडा, टब सावलीत ठेवून वर जाळी घाला, कारण गोल्डफिश उडी मारतात. टबात एअर पंपाची नळी सोडा. एकूण एक तृतीयांश, म्हणजे ७५० लिटरच्या आसपास पाणी काढलं की पुरे. मग प्लास्टिकच्या घमेल्याने तळाचा गाळ हळूहळू उपसा, पण आज निम्म्याच तळाचा. उरलेला पंधरा दिवसांनी. गाळ काळा असेल आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतोय असं समजा. एकदम सगळा ढवळला तर तो पाण्यात मिसळतो आणि माशांना भोवतो. काढलेला गाळ फेकू नका. जास्वंदीच्या, अनंताच्या आळ्यात माती उकरून मिसळा, उत्तम खत आहे.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन दोनतीनदा पिळा, थोडा मळकट राहिला तरी चालेल. नवं पाणी नगरपालिकेचं असेल तर पिंपात उघडं ठेवून २४ ते ४८ तासांनी घाला, क्लोरीन उडून जातो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ऑक्सिजनही कमी असतो. ते झारीसारखं वरून फवारत सोडा. जुन्या आणि नव्या पाण्याच्या तापमानात दोनतीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. हिरवेपणा यानंतरही आठदहा दिवस राहील. खाणं कमी ठेवलंत आणि लिलीची पानं निम्मा पृष्ठभाग झाकतील इतकी वाढू दिलीत की तो आपोआप उतरतो.

प्रश्न: दर डिसेंबरात आमच्या लिलीला फुलं येणं बंद होतं. थंडीपासून वाचवायला तळ्यावर प्लास्टिक अंथरावं का? तळ्याच्या दक्षिणेला लागूनच १० फुटी कंपाउंड भिंत आहे.
(नाशिक)

उत्तर: भिंतीचा उल्लेख केलात म्हणून बरं झालं, कारण गुन्हेगार बहुधा तीच आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर येतं. जूनमध्ये दुपारचा सूर्य तुमच्या जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीची सावली तळ्यावर पडतच नाही. २१-२२ डिसेंबरला मात्र तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच पोचतो आणि १० फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे साडेनऊ फूट लांब पडते. तळं अख्खं सावलीत. लिलीला फुलायला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेवर खडूने रेघा मारा. जो भाग जास्त वेळ उन्हात राहतो, बहुधा उत्तरेकडचा काठ, तिथे कुंडी सरकवा आणि खाली विटा ठेवून वर उचला. कुंडीतल्या मातीवर ६ ते ८ इंच पाणी पुरतं. वरचं पाणी दिवसा लवकर तापतं. तळ्यात अजिबातच ऊन नसेल तर कुंडी चक्क बाहेर काढून गच्चीवरच्या टबात ठेवा, फेब्रुवारीत परत आणा.

तुमची जात कोणती तेही पाहा. पानाची कड करवतीसारखी दातेरी आणि फूल पाण्याच्या वर दांड्यावर उभं राहत असेल तर ती उष्ण प्रदेशातली लिली. कड गुळगुळीत आणि फूल पाण्यावर टेकलेलं असेल तर ती थंडी सोसणारी, म्हणजे नर्सरीवाले जिला हार्डी म्हणतात ती. पाणी १८ अंशांखाली गेलं की पहिली जात वाढ थांबवते आणि निफाड पट्ट्यातल्या कडाक्याच्या रात्रींत ते होऊ शकतं. तो तिचा आराम आहे. नोव्हेंबरपासून खत बंद. न वाढणाऱ्या झाडाला दिलेलं खत शेवाळच खातं. पिवळी पानं देठाच्या बुडाशी चिमटून काढत राहा. प्लास्टिकचं म्हणाल तर दिवसा ते नकोच. हवा कोंडते आणि आतल्या बाजूला बाष्प धरून होतं नव्हतं तेवढं ऊनही अडतं.

प्रश्न: टबातल्या कमळाची सगळी पानं करपली. मेलं का? उपटून टाकू?
(नागपूर)

उत्तर: थांबा! कमळ झोपलंय. दिवस लहान झाले आणि रात्री गारठल्या की ते पानं सोडून देतं आणि सगळा साठा चिखलातल्या कंदात ठेवतं. टबात मातीवर ४-५ इंच पाणी कायम राहू द्या. एकदा कंद कोरडा पडला तर मात्र खरंच जाईल. करपलेली पानं कापायची तर देठ पाण्याच्या वर दोनतीन इंच ठेवून कापा. कमळाचा देठ आतून पोकळ नळ्यांचा असतो. पाण्याखाली कापला तर त्या नळ्यांतून पाणी थेट कंदापर्यंत उतरतं आणि कंद सडतो.

कुंडी बदलायची असेल तर विदर्भात जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य ही वेळ, कोंब हलायच्या आधी. टब उलटा करून चिखल पाण्याच्या धारेने धुवा, हाताने ओढू नका. कंद केळी एकापुढे एक जोडल्यासारखे दिसतात आणि पुढच्या टोकाला पिवळसर अणकुचीदार कोंब असतो. तो मोडला की त्या कंदाची आशा सोडायची. दोन पेरी आणि शाबूत कोंब असलेला तुकडा निवडा. तळाला भोक नसलेला, किमान दीड फूट रुंदीचा गोल टब घ्या; चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कोंब अडकून मोडतो. ६ ते ८ इंच चिकण काळी माती भरा. कोकोपीट तरंगतं आणि कच्चं शेणखत पाण्याखाली आंबून कंद कुजवतं, तेव्हा दोन्ही नको. कंद आडवा, दोन इंच मातीखाली, कोंब किंचित वर. खत पाण्याबाहेर उभी राहणारी तीनचार पानं आल्यावरच.

प्रश्न: तळ्याशेजारी देशी बदामाचं मोठं झाड आहे. एका इंग्रजी पुस्तकात ऑक्टोबरमध्ये तळ्यावर जाळी ताणायला सांगितली आहे. कोणती घ्यावी?
(सांगली)

उत्तर: ऑक्टोबरमध्ये तुमच्या बदामाची पानं हिरवीगार असतील. ते पुस्तक मेपल आणि ओकच्या देशातलं आहे. आपल्याकडची पानगळ पौषात लागते आणि फाल्गुनापर्यंत चालते. बदामाची पानं तांबडी व्हायला लागली की जाळी ताणायची, तोवर गुंडाळून ठेवा.

हिरवी शेडनेट घेऊ नका, ऊन अडेल. पक्ष्यांपासून द्राक्षबागा झाकायला वापरतात ती २० मिलिमीटर घरांची नायलॉन जाळी बरी. पाण्यापासून फूटभर वर, एका बाजूला उतार देऊन ताणा म्हणजे पानं घसरून एका काठाशी जमतील. सपाट ताणलेली जाळी पानांच्या ओझ्याने आठवड्याभरात पाण्यात बसते आणि पानांचा चहा होतो. चहा म्हणजे अक्षरशः, टॅनिनमुळे पाणी तपकिरी पडतं. दहावीस पानांनी काही बिघडत नाही. माशांचे हौशी लोक बदामाची वाळकी पानं मुद्दाम टाकीत टाकतात. घमेलंभर पानं बुडाली आणि कुजली की मात्र पुढच्या ऑक्टोबरच्या पहाटेची तयारी झालीच.

प्रश्न: सोसायटीत डेंगीचे रुग्ण निघाल्यापासून आमचं छोटं तळं बुजवा असा आग्रह आहे. वॉचमन त्यात जळकं ऑइल ओततो म्हणतोय.
(ठाणे)

उत्तर: ऑइल ओतलं तर डासांच्या आधी मासे जातील. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठदहा दिवस लागतात आणि मासे असलेल्या तळ्यात अळ्या तेवढ्या टिकत नाहीत. डेंगीचा डास सहसा तळ्यात नव्हे, तळ्याच्या आजूबाजूला सापडतो: जास्तीच्या लिलीचे टब, कुंड्यांखालच्या बशा, बंद पडलेल्या फिल्टरचा डबा, कुंपणाच्या बांबूची उघडी टोकं. आठवड्यातला एक दिवस ठरवून हे सगळं पालथं करा. बशा नुसत्या रिकाम्या करून भागत नाही, कडेला अंडी चिकटलेली असतात, त्या घासा.

तळ्यात गप्पी माशांच्या चारपाच जोड्या सोडा, बाकीचं त्या बघून घेतात. ठाण्याच्या हिवाळ्यात त्यांना त्रास नाही; पाणी १८ अंशांखाली जाईल अशा गावी मात्र त्या सुस्तावतात. गप्पी म्हणून गंबुशिया देतात, ते टाळा, इतर माशांचे पर कुरतडतात आणि बेडकांच्या पिल्लांनाही सोडत नाहीत. मासे ठेवणं शक्य नसलेल्या टबांत बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक वेष्टनावरच्या प्रमाणात घाला. अळ्या ते खाऊन मरतात, मासे-बेडकांना अपाय नाही.

एक विनंती. जास्त झालेले गप्पी किंवा जलपर्णी खाडीत, नाल्यात, नदीत सोडू नका. पवना, इंद्रायणी, पंचगंगेवर जलपर्णीचे गालिचे दरवर्षी दिसतात. ती वाळवून खताच्या खड्ड्यात घाला.

प्रश्न: आमच्याकडे कोई मासे आहेत. थंडीत त्यांचं खाणं बंद करावं असं ऐकलं.
(पाचगणी)

उत्तर: हवेवरून ठरवू नका. दहावीस रुपयांच्या दोरीला साधा थर्मामीटर बांधून सकाळी आठ वाजता पाण्यात फूटभर खाली सोडा, पाच मिनिटांनी वाचा. माशाचं पचन पाण्याच्या तापमानावर चालतं. १५ अंशांच्या वर नेहमीचं खाणं. १० ते १५ मध्ये गव्हांकुराचं (व्हीट जर्म) हलकं खाद्य, दिवसातून एकदाच, दुपारी बारा ते दोनमध्ये, पाच मिनिटांत संपेल इतकंच. १० अंशांखाली काहीही नाही. थंड पाण्यात खाल्लेलं पोटात तसंच राहून सडतं. पाचगणीत मधली पायरी बहुतेक वर्षी येईल, शेवटची क्वचित. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मासा वेगळ्या टबात घ्या आणि लिटरला ३ ग्रॅम खडे मीठ दीड दिवसात तीन हप्त्यांत विरघळवा. तळ्यात मीठ टाकलं तर लिली जाईल.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बॅकयार्डमध्ये तीन फूट खोल पॉन्ड केलाय: कोई, हार्डी लिली, एक निळी ट्रॉपिकल लिली, भारतीय दुकानातून आणलेली जलपर्णी. पहिलाच हिवाळा. काय काय करावं?
(एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: वर टिंगल केलेलं ते पुस्तक तुमच्यासाठीच लिहिलेलं आहे. जाळी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ताणा आणि पानं पडून संपली की काढा, नाहीतर बर्फाच्या वजनाने खाली येईल. जलपर्णी पहिल्या दंवाने काळी पडून बुडते, त्याआधी उचलून टाका. निळी लिली गारठ्यात टिकणार नाही: कंद धुऊन, किंचित ओलसर वाळूत, झाकण असलेल्या डब्यात बेसमेंटमध्ये ५५ फॅरनहाइटच्या आसपास ठेवा. हार्डी लिलीची पानं कापून कुंडी सर्वांत खोल जागी न्या. कंद गोठला नाही की झालं. खाण्याचा हिशेब पाचगणीच्या उत्तरातलाच, तुमच्या मापात ५९ आणि ५० फॅरनहाइट.

बर्फाचा खरा प्रश्न थंडीचा नसून झाकणाचा आहे. पृष्ठभाग पूर्ण गोठला की तळाशी कुजणाऱ्या पानांचे वायू आत कोंडतात. तरंगता, थर्मोस्टॅटवाला डी-आयसर लावला तर पाणी गरम होत नाही, फक्त ताटाएवढं भोक उघडं राहतं. तेवढंच हवं. सोबत एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावणार असाल तर तो तळाला ठेवू नका, निम्म्या खोलीवर टांगा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून वर बर्फ असताना तळाचा थर ४ अंशांच्या आसपास राहतो आणि मासे तिथेच निपचित असतात. तळाचा स्टोन तो थर वरच्या गोठत्या पाण्यात मिसळून टाकतो. भोक बुजलंच तर हातोडा मारू नका, धक्का पाण्यातून थेट माशांना बसतो. गरम पाण्याचं भांडं बर्फावर ठेवून वितळू द्या.

धबधब्याचा पंप काढून बेसमेंटमध्ये पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, सील सुकत नाहीत. यूव्ही दिव्याची काचेची नळी पाणी काढून घरात आणा. आत राहिलेलं पाणी गोठलं की ती तडकते. नळाच्या पाण्यात तुमच्याकडे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असू शकतं आणि ते पिंपात ठेवून उडत नाही. पाण्याच्या बिलावरच्या कंपनीला विचारून घ्या आणि असेल तर कंडिशनर वापरा. डी-आयसर जीएफसीआय आउटलेटवरच, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटवरच.

प्रश्न: पाऊस गेल्यापासून तळं रोज खाली जातंय. गळती की बाष्पीभवन?
(कोल्हापूर)

उत्तर: तळ्यात विटेवर बादली ठेवा, तिच्यात तळ्याच्याच पातळीइतकं पाणी भरा आणि आतबाहेर दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्ही खुणा सारख्या उतरल्या, ४ ते ६ मिलिमीटर, तर ऊन-वारा. तळं जास्त उतरलं तर गळती. मग पंप चालू ठेवून पुन्हा २४ तास: आता आणखी वेगाने उतरलं तर पाइपात किंवा धबधब्याच्या कडेलाही गळती आहे. पंप बंद असतानाही गळत असेल तर पाणी भरणं थांबवा आणि जिथे पातळी आपोआप स्थिरावेल त्या रेषेवर भेग शोधा. छिन्नीने तिला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून पॉलिमर मॉर्टर भरा, सात दिवस ओलं ठेवा, नंतर तो भाग दोनदा धुऊन मगच मासे सोडा. ताज्या सिमेंटचा चुना पाण्याचा पीएच चढवतो. पट्टीवर साडेआठच्या खाली आला की हरकत नाही.